आमच्या कॉलनीची निवडणूक आणि सत्तावीस नंबरचं मत

गेल्या महिन्यात एका मित्राच्या मुलाचा फोन आला. बेळगावात नवीन अपार्टमेंटमध्ये फ्लॅट घेतलाय, तिथं असोसिएशनची निवडणूक लागलीय आणि मतदारयादीवरून हमरीतुमरी चाललीय. "काका, तुम्ही बँकेत होता, सोसायटीचं काम केलंय, जरा सांगा की, कायदा काय म्हणतो." कायदा सांगितला. पण फोन ठेवल्यावर 1994 सालची आमच्याच कॉलनीची निवडणूक डोळ्यासमोर आली, आणि ती काही त्याला सांगता आली नाही. म्हणून इथं लिहितोय. लांबलंय, सवडीनं वाचा.

मी मूळचा निपाणीचा. वडील तंबाखूच्या वखारीत दिवाणजी. बी.कॉम. बेळगावात आर.पी.डी. कॉलेजात केलं, बँकेत लागलो, बदल्या होत होत 84 साली बेळगावात तिसऱ्या रेल्वे गेटच्या पलीकडं एका हाउसिंग सोसायटीत प्लॉट घेतला. चौसष्ट प्लॉट, मधोमध एक खुली जागा आणि तिच्या कडेला जुनी विहीर. सोसायटीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जुनी माणसं ओळखतीलच, त्यांनी कॉमेंटमध्ये लिहू नये ही विनंती.

आता थोडं मागं जातो, कारण आपल्या भागातल्या लोकांना हा इतिहास फारसा ठाऊक नसतो. सहकार म्हटलं की आपण पश्चिम महाराष्ट्राकडं बघतो, साखर कारखाने, धनंजयराव गाडगीळ वगैरे. पण 1904 साली इंग्रजांनी सहकारी पतसंस्थांचा कायदा केला, त्यानंतर 1905 मध्ये पहिल्याप्रथम नोंदल्या गेलेल्या संस्थांत आपल्या शेजारच्या गदग तालुक्यातल्या कणगिनहाळची पतसंस्था येते. सिद्दनगौडा पाटील हे तिचे कर्ते. तेव्हा गदग काय, धारवाड काय, बेळगाव काय, सगळं मुंबई इलाख्यातच. घरांच्या बाबतीत म्हणाल तर मुंबईत गावदेवीला 1915 साली सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी हे तिच्यामागचे गृहस्थ. शामराव विठ्ठल बँकही त्यांनीच 1906 ला काढलेली. भाड्याच्या खोल्यांतून हाल काढणाऱ्या कारकून-मास्तर लोकांनी एकत्र येऊन घरं बांधायची, आणि कारभार आपणच निवडून दिलेल्या मंडळानं करायचा. प्लॉट लहान असो मोठा असो, शेअर एक असो दहा असोत, सभासदाला मत एकच. आम्हा बँकवाल्यांना हे सुरुवातीला चमत्कारिक वाटतं. कंपनीत जितके शेअर तितकी मतं. इथं मात्र माणूस मोजतात.

1925 साली मुंबई इलाख्याचा स्वतंत्र सहकारी संस्था कायदा झाला. 1 नोव्हेंबर 1956 उजाडला तेव्हा बेळगाव आणि कोल्हापूर दोन्हीकडं त्याचाच अंमल होता. त्या दिवशी काय झालं ते आपल्याला सांगायला नको. आमच्या बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला आणि बाकीचा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. पुढं म्हैसूर राज्यानं 1959 चा सहकार कायदा केला, महाराष्ट्रानं 1960 चा. एकाच घरातल्या दोन भावांनी वेगळं बिऱ्हाड मांडावं तसे हे दोन कायदे. चेहरेपट्टी सारखी, कलमांचे नंबर वेगळे. माझी धाकटी बहीण कोल्हापुरात दिलेली. तिच्या सोसायटीचा वाद 91 कलमाखाली जातो, आमचा 70 कलमाखाली. निपाणी ते कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, पण कोगनोळीचा नाका ओलांडला की कलम बदललं.

आणि भाषाही बदलली. आमच्या सोसायटीची जुनी प्रोसिडिंग बुकं मोडी वळणाच्या सुंदर मराठीत आहेत. गोकाक चळवळीनंतर, म्हणजे 82-83 च्या पुढं, हळूहळू सगळा पत्रव्यवहार कन्नडमध्ये होऊ लागला. सभेची नोटीस कन्नडमध्ये यायची. आमच्यातल्या निम्म्या लोकांना ती वाचता येत नसे. बारा नंबरचे मास्तर गोकाककडचे, घरी कन्नड बोलणारे. ते दर नोटिशीच्या दिवशी संध्याकाळी विहिरीच्या कट्ट्यावर बसायचे आणि ज्याला हवी त्याला मराठीत वाचून दाखवायचे. कधी कुणाला नाही म्हटलं नाही त्यांनी. सीमाप्रश्नावर त्यांचं आणि आमचं मत उत्तर-दक्षिण, पण नोटीस वाचून दाखवण्यात त्यांनी कधी एक शब्द इकडचा तिकडं केला नाही. हे लिहून ठेवणं माझं कर्तव्य आहे.

तर 1994. जुनं मंडळ बरीच वर्षं बिनविरोध येत होतं. चेअरमन भला माणूस, पण सवयीचा. त्या वर्षी मंडळानं खुली जागा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानं द्यायचं मनात आणलं, तिथं मंगल कार्यालय होणार होतं. सोसायटीला उत्पन्न, रस्ते डांबरी होतील, असं त्यांचं म्हणणं. तरुण पोरं बिथरली, कारण ती जागा म्हणजे त्यांचं क्रिकेटचं मैदान आणि गणपतीचा मांडव. एका तरुण वकिलानं पॅनेल उभं केलं. नऊ जागा, अठरा उमेदवार. तोवर कधी मतपत्रिका न पाहिलेल्या कॉलनीत घरोघर चहा-चुरमुरे सुरू झाले.

निवडणूक घ्यायला सहकार खात्याचा माणूस येणार होता. पण मतदारयादी सोसायटीनं करून द्यायची असते, आणि खरं सांगतो, सगळी ग्यानबाची मेख तिथंच असते. मतपेटी पळवणं वगैरे सिनेमात. सोसायटीची निवडणूक यादीतच जिंकली जाते किंवा हरली जाते. कोण थकबाकीदार, कुणाचं ट्रान्स्फर मंजूर झालं, कुणाचं लोंबकळत ठेवलं. सेक्रेटरी मला म्हणाले, "साहेब, तुम्ही बँकेतले, तुमच्यावर दोन्ही बाजूंचा विश्वास. यादी तुम्हीच करा." मला बरं वाटलं. कुणाला वाटणार नाही?

मी सभासद रजिस्टर घेऊन बसलो. बँकेच्या शिस्तीनं एकेक नोंद तपासली. सत्तावीस नंबरला सुभेदारसाहेबांचं नाव. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले, 92 साली वारले. मी स्वतः खांदा दिलेला. पुढं वारस नोंद नाही. मी लाल शाईनं शेरा मारला, "सभासद मयत, वारस नोंद नाही, मतास अपात्र", आणि पुढच्या नोंदीकडं गेलो. एक मिनिटही लागलं नसेल.

मतदानाच्या दिवशी काकू आल्या. सत्तावीस नंबरच्या काकू, खानापूरकडच्या, बोलायला सडेतोड. हातात पिशवी, पिशवीत दोन वर्षांच्या मेंटेनन्सच्या पावत्या, सगळ्या सुभेदारसाहेबांच्या नावच्या. नाव यादीत नाही म्हटल्यावर त्या टेबलापाशी उभ्याच राहिल्या. खात्याच्या माणसानं माझ्याकडं बोट दाखवलं. मी त्यांना समजावलं की काकू, नियम असा असा आहे, वारस नोंद व्हायला पाहिजे होती. त्या म्हणाल्या, अर्ज दिला होता की. मी विचारलं, पोच आहे का? पोच नव्हती. मग त्या म्हणाल्या, "पैसे घेताना वारस लागत नाही होय ओ मॅनेजर? मत घेतानाच लागतोय?"

रांगेतले लोक हसले. मीही हसलो, हे आज लिहिताना अवघड वाटतं. त्या पावत्या पिशवीत घालून निघून गेल्या.

अठ्ठावन्न जणांनी मतदान केलं. आठ जागांचा निकाल लागला, चार जुन्या मंडळाचे, चार नव्यांचे. नवव्या जागेला दोघांना सत्तावीस-सत्तावीस मतं. (होय, आकडाही सत्तावीसच.) पुन्हा मोजली, तेच. चिठ्ठी टाकली, एका लहान मुलीनं उचलली, जुन्या मंडळाचा माणूस आला. पाच-चार. काकूंचं मत कुणाला जाणार होतं हे सगळ्या कॉलनीला माहीत होतं. त्यांचा नातू त्या मैदानावर रोज खेळायचा.

तीन आठवड्यांनी ऑडिटसाठी कागद लावत होतो. आवक-जावक रजिस्टर चाळताना 92 सालच्या पानावर नोंद दिसली. सत्तावीस नंबर, वारस नोंदीबाबत अर्ज, सोबत मृत्यू दाखला. आवक नंबर, तारीख, सगळं. अर्ज आलेला होता. मंडळासमोर कधी ठेवलाच गेला नव्हता. सेक्रेटरींना विचारलं तर म्हणाले, "राहिलं बघा साहेब." मुद्दाम ठेवला की खरंच राहिला, देव जाणे. मला तेव्हाही कळलं नाही आणि आता ते हयात नाहीत.

पण माझं काय? बँकेत इन्स्पेक्शनला गेलो की मी पहिल्यांदा आवक रजिस्टर मागायचो. ज्युनिअर पोरांना सांगायचो, लेजर खोटं बोलत नाही, पण अर्धवट बोलतं. आणि इथं स्वतःच्या घरच्या संस्थेत फक्त सभासद रजिस्टर बघून लाल शाई चालवली.

याहून वाईट पुढं आहे. तरुण वकील निवडणुकीविरुद्ध वाद दाखल करायच्या खटपटीत होता. त्याला पुरावा पाहिजे होता, आणि पुरावा माझ्या टेबलावर पडलेला. असल्या वादाला कायद्यानं मुदत फार थोडी असते. मला ती ठाऊक होती. पण आमच्या थोरलीचं लग्न त्याच सुमारास चेअरमनांच्या मध्यस्थीनं ठरत होतं, त्यांच्या नात्यातलंच स्थळ. मी घरी काही बोललो नाही. आज सांगतो, उद्या सांगतो करत दिवस घालवले. मुदत उलटल्यावर एका संध्याकाळी वकिलाला पान दाखवलं. त्यानं वाचलं, तारीख बघितली, मग माझ्याकडं बघितलं, आणि "बरं साहेब" एवढंच म्हणाला. पुढं बरीच वर्षं तो मला नमस्कार करायचा तो फक्त मान हलवून.

खुल्या जागेचा ठराव पाच-चारनंच झाला. पण मंजूर ले-आउटमधली उद्यानासाठी सोडलेली जागा अशी देता येत नाही, हा मुद्दा पुढं नकाशा मंजुरीच्या वेळी निघाला आणि मंगल कार्यालय कागदावरच राहिलं. मैदान वाचलं. माझ्यामुळं नव्हे.

यानंतर मला या विषयाचं वेडच लागलं म्हणा ना. जाईन तिथं विचारत असतो. 97 वी घटनादुरुस्ती फेब्रुवारी 2012 मध्ये अंमलात आली, तेव्हा मला फार आनंद झाला होता. सहकारी संस्था काढणं हा मूलभूत हक्कात बसवला, मंडळाची मुदत पाच वर्षं, महिलांना दोन जागा राखीव, आणि निवडणूक व मतदारयादीसाठी स्वतंत्र प्राधिकरण. यादी सेक्रेटरीच्या हातातून निघणार म्हणजे मोठीच गोष्ट. पुढं जुलै 2021 मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यातला राज्यांतल्या संस्थांना लागू असलेला भाग रद्द केला, कारण सहकार हा राज्यांचा विषय आणि निम्म्या विधानसभांची संमती घेतलेली नव्हती. मात्र तोवर राज्यांनी आपापल्या कायद्यात बदल केलेले होते, ते राहिले.

कर्नाटकात आणखी एक गंमत आली. वार्षिक सभांना सारखं गैरहजर राहणाऱ्याचा मताधिकार काढायची तरतूद. हेतू चांगला, लोकांनी सभेला यावं. पण सभेची हजेरी कोण मांडतं? सेक्रेटरीच. मग निवडणूक आली की अपात्रांची यादी लागते, लोक हायकोर्टात धावतात, कोर्ट म्हणतं मत देऊ द्या, आणि त्यांची मतं वेगळ्या पेटीत ठेवली जातात. आपल्या जिल्ह्यातल्या मोठ्या संस्थांच्या निवडणुकांत हे तुम्ही पेपरात वाचलंच असेल. बंद पेटी आणि लांबलेला निकाल.

महानगरपालिकेचं तरी वेगळं काय झालं? 2019 च्या मार्चमध्ये मुदत संपली आणि प्रभागरचना-आरक्षणाच्या वादात निवडणूक अडकली. शेवटी 3 सप्टेंबर 2021 ला मतदान झालं, 58 प्रभाग, पहिल्यांदाच पक्षांच्या चिन्हांवर. निकालानंतरही याद्यांवरून, यंत्रांवरून आरडाओरड झालीच. राजकारणात शिरत नाही, त्यावर इथं आधीच पुष्कळ भांडणं झालीत.

महाराष्ट्रानं मात्र 2019 मध्ये हाउसिंग सोसायट्यांसाठी स्वतंत्र प्रकरणच घातलं. त्यात एक शब्द आहे, "तात्पुरता सभासद". सभासद वारला की नामनिर्देशनाच्या आधारावर, वारसाचं कायमचं ठरेपर्यंत, घरच्या माणसाला सभासद करून घ्यायचं, आणि त्याला मत देता येतं. बहिणीच्या मुलीनं पुण्याहून ती प्रत पाठवली तेव्हा मी चष्मा पुसून दोनदा वाचली. शिवाय अडीचशेपर्यंत सभासद असलेल्या सोसायट्यांना आपली निवडणूक आपणच घ्यायची मुभा मिळाली. सोय झाली, पण यादी परत सेक्रेटरीकडं आली, असं आपलं माझं मत.

अपार्टमेंटवाल्यांचं आणखी निराळं. अपार्टमेंट मालकीचा कायदा इथं 1972 चा, महाराष्ट्रात 1970 चा. त्यात घोषणापत्रातल्या अविभक्त हिश्श्याच्या टक्क्यांप्रमाणं मताचं वजन. म्हणजे मोठा फ्लॅट, मोठं मत. त्या मित्राच्या मुलाला मी हेच सांगितलं, की आधी बघ बाबा, तुमची असोसिएशन कुठल्या कायद्याखाली नोंदलीय. अर्धी भांडणं तिथंच आहेत. एका बाजूची माणसं डोकी मोजतायत, दुसऱ्या बाजूची चौरस फूट.

आणि हे फक्त आपल्याकडं आहे असं समजू नका. पुतण्या न्यू जर्सीला असतो. तिथं फेअर लॉन गावात रॅडबर्न नावाची वसाहत आहे, 1929 ची, नगररचनेच्या पुस्तकात जिचं नाव येते अशी. क्लॅरेन्स स्टाइन आणि हेन्री राइट यांनी आखलेली. मोटारी एका बाजूला, मुलांना खेळायला बागा दुसऱ्या बाजूला. एवढी आदर्श वसाहत, पण मंडळावर कोण उभं राहणार हे आजी-माजी विश्वस्तच ठरवायचे, घरमालकांनी त्यांनी दिलेल्या नावांतून निवडायचं. रहिवासी कोर्टात गेले, तिथं फारसं हाती लागलं नाही. अखेर 2017 मध्ये राज्यानं कायदा केला, प्रत्येक घरमालक सभासद, प्रत्येकाला उमेदवारीचा आणि मताचा हक्क. कॅलिफोर्नियात तर 2006 पासून दुहेरी पाकिटातली गुप्त मतपत्रिका आणि त्रयस्थ निवडणूक निरीक्षक. एवढ्या पुढारलेल्या देशात हे 2006 आणि 2017 साली. पुतण्याला म्हटलं, आमच्या सेक्रेटरींना तिकडं पाठवायला पाहिजे होतं, त्यांचं तिथं छान जमलं असतं.

असो. परत कॉलनीत येतो.

94 च्या त्या वर्षातच काकूंची वारस नोंद झाली. विषय मी स्वतः मांडला आणि कुणी विरोध केला नाही. पण काकू माझ्याशी बोलणं टाकून बसल्या. हळदीकुंकवाला आमच्या घरी यायच्या, सौ.शी बोलायच्या, मी बाहेर आलो की पदर सारखा करून उठायच्या. त्यांचंही बरोबर होतं.

पुढच्या निवडणुकीला यादी पुन्हा माझ्याकडं आली. मी नको म्हणत होतो. बारा नंबरचे मास्तर म्हणाले, "तुम्हीच करा. आता तुम्ही आवक रजिस्टर बघणार." त्यांना सगळं ठाऊक होतं तर! यादी कन्नडमध्ये टाइप झाली. फलकावर लावायच्या आधी एक प्रत घेऊन मी सत्तावीस नंबरला गेलो. काकू तांदूळ निवडत होत्या. चष्मा लावून त्यांनी यादी हातात घेतली, बोट फिरवत खाली गेल्या, कन्नड काही वाचता येईना. मी नावासमोर पेन्सिलीनं मराठीत लिहून नेलं होतं. तिथं बोट थांबलं.

"घातलंय की," त्या म्हणाल्या. मग सुपाकडं बघत, "बसा मॅनेजर. चहा टाकते."

त्यावेळी मी सगळं सांगितलं, आवक रजिस्टर, तीन आठवडे, थोरलीचं लग्न. त्यांनी मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. शेवटी विचारलं, "पोरगी सुखी आहे न्हवं तिथं?" मी हो म्हटलं. "मग झालं," म्हणाल्या, आणि कप उचलून आत गेल्या. झालं म्हणजे काय झालं, ते मी विचारलं नाही.

त्या निवडणुकीत मतपेटीपाशी पहिला नंबर त्यांचाच होता. सकाळी आठला मतदान सुरू, काकू साडेसातला खुर्ची टाकून.

2009 मध्ये काकू गेल्या. तेव्हा मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. दिवसकार्य झाल्यावर त्यांचा मुलगा पुण्याहून आलेला तो अर्ज घेऊन ऑफिसात आला. परत जायची गडबड होती, म्हणाला, "काका, ठेवा तुमच्याकडं, सवडीनं बघा." त्याला म्हटलं, दोन मिनिटं थांब बाळा. आवक रजिस्टर उघडलं, नंबर टाकला, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही करून पोच त्याच्या हातात दिली. त्यानं ती न बघताच खिशात घातली. मी ती परत काढायला लावली आणि त्याच्या बॅगेत, फाइलमध्ये ठेवून घेतली.